प्रा. लि.च्या खाली चार सह्या

जळगाव किंवा धुळ्याच्या मराठी दैनिकात आतल्या पानावर बारीक टायपातली एक चौकट अधूनमधून छापून येते: ताबा नोटीस. वाचायला कंटाळवाणी, पण रचना ठरलेली. वर बँकेचे नाव आणि शाखा, मग २००२ च्या सरफेसी कायद्याचा उल्लेख, साठ दिवसांची मागणी नोटीस दिल्याची तारीख, थकलेली रक्कम 'अधिक पुढील व्याज'. कर्जदार म्हणून एखादी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी: डाळ मिल, जिनिंग, पाइपचा नाहीतर प्लास्टिक चटईचा कारखाना. कंपनीच्या नावाखाली 'जामीनदार' या शब्दापुढे तीन-चार नावे, बहुधा एकाच आडनावाची. शेवटी चतुःसीमेसकट मिळकतीचे वर्णन. एमआयडीसीतला प्लॉट आणि शेड त्यात असतेच, पण पुष्कळदा खालच्या ओळीत गावातल्या कॉलनीतले राहते घरही असते. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस शेजाऱ्याचा प्लॉट. कंपनी जर 'लिमिटेड', म्हणजे मर्यादित जबाबदारीची, तर या यादीत घर आले कुठून?

उत्तर कंपनी कायद्यात शोधून सापडत नाही. ते बँकेच्या एका छापील फॉर्मवर, मालकाने आणि त्याच्या घरच्यांनी केलेल्या सहीत असते. त्या सहीमुळे एक विचित्र परिणाम घडतो, आणि या लेखाचा मुद्दा तोच आहे. कंपनी आणि मालकाचे घर यांच्यामध्ये कायद्याने भिंत बांधली खरी, पण ज्याच्या हातात ताकद आहे त्या सावकाराला, म्हणजे बँकेला, तिच्यातून सहीच्या जोरावर दार पाडून घेता येते. भिंत पूर्ण उंचीने उभी राहते ती फक्त ज्यांना सही मागण्याची सोय किंवा हिंमत नसते त्यांच्यापुढे: कापूस घालणारा शेतकरी, उधारीवर बारदान पुरवणारा दुकानदार, दोन महिन्यांचा पगार अडकलेला कामगार.

मर्यादित जबाबदारी ही कल्पना आपल्याकडे वाटते तितकी जुनी नाही. १८५० साली हिंदुस्थानात कंपन्यांच्या नोंदणीचा कायदा आला, पण नोंदणी केली तरी भागधारकांची जबाबदारी अमर्यादच राहिली. ती मर्यादित करण्याची सोय १८५७ च्या कायद्याने दिली, आणि तीही सुरुवातीला बँका वगळून. पुढे इंग्लंडमधला सालोमन खटला गाजला. आरोन सालोमन हा लंडनचा बूट तयार करणारा व्यापारी. त्याने चालता धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीला विकला; भागधारक तो, त्याची बायको आणि मुले. किमतीचा काही भाग त्याने रोख न घेता कंपनीच्या मालमत्तेवर तारण असलेल्या रोख्यांच्या रूपाने घेतला. थोड्याच काळात कंपनी बुडाली. जे काही उरले त्यावर तारणवाल्यांचा पहिला हक्क, आणि उधारीवर माल देणाऱ्यांच्या हाती काही नाही. १८९६ च्या नोव्हेंबरात हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की कंपनी ही सालोमनपासून वेगळी व्यक्ती आहे, तिचे कर्ज त्याचे नव्हे. वकिलीच्या वर्गात हा निकाल वेगळ्या अस्तित्वाचा पाया म्हणून शिकवतात. त्यातली दुसरी गोष्ट तितकी शिकवली जात नाही: त्या भिंतीबाहेर पहिल्या दिवसापासून कोण उभे होते, तर विनातारण उधारीवाले.

खानदेशात धंद्याची जुनी चाल वेगळी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जळगावात कापडगिरणी कंपनीच्या रूपाने उभी राहिली तरी बाजारपेठेचा खरा कणा म्हणजे पेढी, आणि पेढी म्हणजे घराणे. दुकान आणि घर यांच्यात हिशेबाची वही सोडली तर दुसरी सीमा नव्हती. दिवाळे निघाले की पेढीवाला दिवसाढवळ्या दुकानात दिवा लावून बसे, त्यावरून 'दिवाळे' शब्द आला असे सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, बुडणे ही चारचौघांत कबूल करायची गोष्ट होती एवढे त्यातून कळते. एकत्र कुटुंबाच्या धंद्यात कर्त्याची जबाबदारी अमर्याद, बाकीच्या सहदायकांची कुटुंबाच्या मालमत्तेतल्या त्यांच्या हिश्शापुरती. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धार्मिक कर्तव्य मानले जाई आणि न्यायालयेही त्याची अंमलबजावणी करत. उलट बाजूने दामदुपटीचा नियम होता: एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ द्यायचे नाही. म्हणजे जुन्या व्यवस्थेत माणसाला सीमा नव्हती, पण कर्जाला होती. आज बँकेच्या खातेउताऱ्यावर 'पुढील व्याज' मुद्दलाला केव्हाच मागे टाकते आणि दामदुपटीचे नाव कोणी काढत नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवावे.

आजही बहुतेक धंदे कंपनी नाहीतच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांपैकी सुमारे ९६ टक्के एकल मालकीचे निघाले. अशा धंद्यात मालक आणि धंदा कायद्याने एकच. दुकानाचे कर्ज हे त्याचेच कर्ज, पाटी कोणतीही असो. भागीदारीची गोष्ट आणखी कडक. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम २५ नुसार प्रत्येक भागीदार इतरांसह आणि स्वतंत्रपणेही संपूर्ण कर्जाला जबाबदार असतो. तीन भागीदारांपैकी दोघांकडे काही उरले नसेल, तर तिसऱ्याकडून तिसरा हिस्सा नव्हे, सगळी रक्कम मागता येते. त्याने मग बाकीच्या दोघांच्या मागे लागावे. हे ऐकून घाबरलेला माणूस सी.ए.कडे जातो आणि सल्ला मिळतो: प्रायव्हेट लिमिटेड करा, नाहीतर २००८ च्या कायद्याखालची एलएलपी करा. सल्ला चुकीचा नाही. फक्त तो बँकेच्या दारापर्यंतच पुरतो.

कारण सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीचे कॅश क्रेडिट, मंजूर करताना बँक कंपनीकडून करारनामा घेते तसाच संचालकांकडून वैयक्तिक जामीनही घेते. जामीन म्हणजे काय, हे १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२६ आणि १२८ मध्ये आहे, आणि त्यातले दुसरे कलम प्रत्येक जामीनदाराने एकदा तरी वाचावे असे आहे: करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. समाजात जामीन या शब्दाचा अर्थ 'दुसऱ्या रांगेतला माणूस' असा घेतला जातो. कर्जदाराने दिले नाही, त्याचे सगळे विकून झाले, तरी भागले नाही, तर मग जामीनदार. कायद्यात अशी रांग नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच सांगितले की आधी मूळ कर्जदाराकडून वसुलीचे प्रयत्न संपवा, मगच जामीनदाराकडे जा, असे बँकेवर बंधन घालता येत नाही. तसे घातले तर जामिनाचा हेतूच उरणार नाही. बँकेला जे सोपे दिसेल त्याच्याकडे ती आधी जाते. बंद पडलेल्या कारखान्याची गंजलेली मशिनरी विकण्यापेक्षा कॉलनीतला बंगला विकणे सोपे असते.

करार कायद्याने जामीनदाराला काही बचाव दिले आहेत. त्याच्या संमतीवाचून मूळ कराराच्या अटी बदलल्या, तर बदलानंतरच्या व्यवहारांपुरता तो मोकळा होतो. बँकेने तिच्याकडचे तारण हातचे घालवले, तर तेवढ्या किमतीपुरता मोकळा होतो. चालू जामीन असेल, तर पुढच्या व्यवहारांपुरता तो नोटीस देऊन काढून घेता येतो. पण बँकांच्या छापील फॉर्ममध्ये यातल्या बऱ्याच हक्कांवर जामीनदार आधीच पाणी सोडतो, आणि फॉर्म इंग्रजीत पाच-सहा पानी असतो. इथेच खानदेशातल्या घराघरात घडणारी एक चूक दाखवावी लागते. भावाभावांत वाटणी होते, एक जण संचालकपदाचा राजीनामा देतो, कंपनी निबंधकाकडे फॉर्म भरला जातो आणि त्याला वाटते आपण सुटलो. संचालकपद हे कंपनीशी नाते, जामीन हे बँकेशी. पहिले तुटल्याने दुसरे तुटत नाही. बँकेने लेखी मुक्त करेपर्यंत, किंवा त्याने स्वतः नोटीस देऊन किमान पुढचे व्यवहार तोडेपर्यंत, सही जिवंत असते.

२०१६ मध्ये दिवाळखोरी संहिता आली तेव्हा अनेक प्रवर्तकांना आशा वाटली की कंपनीचे प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात, म्हणजे खानदेशच्या दृष्टीने मुंबईला, गेले आणि वसुलीवर स्थगिती आली की घरही सुरक्षित. ती आशा दोन वर्षांत संपली. २०१८ मध्ये स्टेट बँक विरुद्ध रामकृष्णन या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कलम १४ ची स्थगिती कंपनीला आहे, तिच्या जामीनदाराला नाही. मग १५ नोव्हेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांवर दिवाळखोरीची स्वतंत्र कारवाई करण्याची वाट १ डिसेंबरपासून खुली केली. योगायोग असा की दिवाळखोरीत गेलेल्या एस्सार स्टीलबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही त्याच १५ नोव्हेंबरचा. जामीनदाराने बँकेचे पैसे भरले तर कायद्याने तो बँकेच्या जागी येतो आणि कंपनीकडून भरपाई मागू शकतो, हे करार कायद्याचे जुने तत्त्व. पण नव्या मालकाला कंपनी जुन्या मागण्यांपासून स्वच्छ मिळाली पाहिजे, या विचाराने एस्सारच्या प्रकरणात तो हक्क मिटवणारी योजना न्यायालयाने मान्य ठेवली. २१ मे २०२१ च्या ललितकुमार जैन निकालात २०१९ ची अधिसूचना वैध ठरली आणि कंपनीची योजना मंजूर झाली म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही हेही ठरले. ९ नोव्हेंबर २०२३ च्या दिलीप जिवराजका निकालाने त्या प्रक्रियेवरचे घटनात्मक आक्षेप फेटाळले. हिशेब असा मांडता येईल. समजा कंपनीवर बँकेचे दहा कोटी आहेत आणि नव्या खरेदीदाराच्या योजनेतून बँकेला तीन कोटी मिळाले. उरलेल्या सात कोटींना 'हेअरकट' म्हणतात. केस कंपनीचे कापले जातात, वस्तरा जामीनदाराच्या डोक्यावर तसाच राहतो. कंपनी नव्या मालकाकडे कर्जमुक्त चालू लागते आणि जुना मालक सात कोटींसाठी मुंबईच्या फेऱ्या मारतो.

जळगावात ही गोष्ट किती मोठ्या आकाराची होऊ शकते, हे सराफा बाजाराने अलीकडे पाहिले. राजमल लखीचंद या जुन्या सुवर्णपेढीच्या नावाशी जोडलेल्या राजमल लखीचंद ज्वेलर्स, आर. एल. गोल्ड आणि मनराज ज्वेलर्स या तीन प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या. स्टेट बँकेच्या थकीत कर्जावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये तीन गुन्हे नोंदवले. बँकेच्या नुकसानीचा आकडा ३५२ कोटी रुपयांच्या वर सांगितला गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये सक्तवसुली संचालनालयाचे छापे पडले आणि ऑक्टोबरात सुमारे ३१५ कोटींची मालमत्ता तात्पुरती जप्त झाली, त्यात जळगाव, मुंबई, ठाणे, सिल्लोड अशा ठिकाणच्या स्थावर मिळकती होत्या. आरोपांचा खरेखोटेपणा ठरवणे न्यायालयाचे काम. इथे लक्ष वेधायचे ते कागदाच्या रचनेकडे. तपास यंत्रणेने नावे घेतली ती फक्त तीन कंपन्यांची नव्हती, तर त्यांच्या संचालकांची, प्रवर्तकांची आणि जामीनदारांचीही. पेढी कंपनी झाली, नावापुढे 'प्रा. लि.' लागले, तरी कर्जाच्या कागदावर घराणे पूर्वीसारखेच उभे राहिले. फरक इतकाच की पूर्वी ते रूढीने उभे राही, आता सहीने.

बँकेखेरीज सरकारलाही स्वतःची दारे आहेत, त्यांची थोडक्यात नोंद पुरे. आयकर कायद्याप्रमाणे प्रायव्हेट कंपनीकडून कर वसूल झाला नाही तर तेव्हाच्या संचालकांकडून तो मागता येतो, आणि आपला ढळढळीत हलगर्जीपणा नव्हता हे सिद्ध करण्याचा भार संचालकावर असतो. जीएसटी कायद्याच्या कलम ८९ मध्येही हीच कल्पना आहे. भविष्य निर्वाह निधीचे पैसे कापून भरले नाहीत तर धंद्याचा कारभार पाहणाऱ्यांवर खटला होतो.

उरला तो माल पुरवणारा. त्याच्याकडे जामीन नाही, तारण नाही. मग बाजाराने त्याच्यासाठी एक उपाय शोधून काढला: पुढच्या तारखेचा चेक. परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ आणि १४१ मुळे कंपनीचा चेक वटला नाही तर सही करणारा आणि कारभार पाहणारा संचालक वैयक्तिक आरोपी होतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. मोहनराज खटल्यात मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की दिवाळखोरीच्या स्थगितीने कंपनीवरचा असा खटला थांबतो, संचालकांवरचा चालू राहतो. न्यायालयांत चेकचे खटले ढिगाने का पडलेले असतात याचे एक कारण हे आहे. दिवाणी दाव्यात भिंत लागते म्हणून लोक फौजदारीच्या खिडकीतून आत डोकावतात. चेक हा गरिबाचा जामीन आहे. पण तोही हातात असला तर. गावात येऊन काट्यावर कापूस मोजून घेणारा व्यापारी शेतकऱ्याला पुष्कळदा चिठ्ठीच देतो, आणि चिठ्ठीला कलम १३८ लागत नाही.

कंपनी विकून पैसे वाटायची वेळ येते तेव्हा संहितेच्या कलम ५३ चा उतरता क्रम लागतो. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची चोवीस महिन्यांपर्यंतची देणी आणि तारणवाल्या बँका एकाच पायरीवर. मग इतर कर्मचाऱ्यांचा वर्षभराचा पगार. मग विनातारण कर्ज देणारे. मग सरकारी देणी. आणि त्याच्याही खाली 'इतर सर्व', ज्यात माल आणि सेवा पुरवणारे येतात. पाट वरून वाहतो आणि शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी क्वचितच पोचते. बँकेचे जे वरून सुटले ते ती जामीनदाराच्या विहिरीतून उपसते. शेवटच्या वाफ्याला विहीर नाही.

सहकारात हेच चित्र उलट्या बाजूने दिसते. साक्री तालुक्यात भाडण्याचा पांझरा-कान साखर कारखाना वर्षानुवर्षे बंद राहिला. राज्यात बंद पडलेल्या सहकारी कारखान्यांच्या बऱ्याच कर्जांना जामीनदार म्हणून उभे होते ते राज्य शासन. सरकारी भाषेत शासनाची थकहमी. अध्यक्षाच्या घराची चतुःसीमा वर्तमानपत्रात छापण्याचा प्रश्नच आला नाही, कारण सही सरकारची होती आणि फेड तुमच्या-आमच्या करातून. जळगावच्या बीएचआर, म्हणजे भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेत दुसरी तऱ्हा दिसली. ठेवी परत मिळेनात, तेव्हा फेब्रुवारी २०१५ मध्ये संस्थापक-अध्यक्षांसह संचालकांना अटक झाली, ठेवीदार संरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा लावला गेला आणि संस्थेवर अवसायक आला. तो कायदा मुद्दाम असा केला आहे की संस्थेची मालमत्ता अपुरी असेल तर प्रवर्तक, संचालक, व्यवस्थापक यांची वैयक्तिक मालमत्ताही जप्त करता यावी. म्हणजे ठेवीदाराच्या वतीने कायद्यानेच सही करून ठेवली. तरी पुढे, नोव्हेंबर २०२० मध्ये पुणे पोलिसांनी जळगावात छापे घातले ते अवसायनाच्याच कारभारावरून: थकलेल्या ठेवीदारांच्या पावत्या निम्म्याहूनही कमी भावात घ्यायच्या आणि त्या पूर्ण किमतीला कर्जदाराच्या कर्जात वळत्या करायच्या, असा तो आरोप. या आरोपातून एवढे मात्र दिसते की हक्क कागदावर असणे आणि तो वसूल होईपर्यंत थांबण्याची ऐपत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला मुलीच्या लग्नाला पैसे हवेत तो पावती तीस-चाळीस टक्क्यांनाही विकतो.

आता आक्षेप. पहिला आक्षेप बँकरचा, आणि तो वजनदार आहे. भांडवल एक लाख, कर्ज मागतात पाच कोटी. संचालकाचे स्वतःचे काही पणाला लागले नाही तर बँकेने, म्हणजे शेवटी ठेवीदारांच्या पैशाने, कशाच्या भरवशावर द्यायचे? जामीन काढून टाकला तर लहान उद्योगाला कर्जच मिळणार नाही. हे मान्य करावे लागते. शिवाय सही घेतलेली असते म्हणून मालक संकटात कारखाना टाकून पळत नाही, हाही मुद्दा खरा. पण यातून 'जामीन हवा' एवढेच निघते. 'अमर्याद जामीन हवा' हे निघत नाही. कलम १२८ मध्येच 'करारात वेगळे ठरले नसेल तर' हे शब्द आहेत. म्हणजे रकमेची मर्यादा घातलेला, मुदतीचा, एका ठरावीक लिमिटपुरता जामीन आजच्या कायद्यात पूर्ण बसतो. त्यासाठी संसदेची गरज नाही, वाटाघाटीची आहे. लहान उद्योगांना तारणाशिवाय कर्ज मिळावे म्हणून केंद्र सरकार आणि सिडबी यांनी २००० साली पतहमी निधी उभा केला. त्या योजनेत बँकेने तारण घ्यायचे नाही, तिऱ्हाइताचा जामीन घ्यायचा नाही. पण प्रवर्तकाची वैयक्तिक सही तिथेही घेतली जाते, आणि निधीने बँकेला भरपाई दिली म्हणून कर्जदार सुटत नाही. 'विनातारण' हा शब्द ऐकून 'विनाजबाबदारी' समजणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी हे सांगितले.

दुसरा आक्षेप उलट्या दिशेने येतो. बँकेला तरी दार आहे, मग शेतकऱ्याला आणि उधारीवाल्यालाही द्या, भिंतच पाडा, बुडवणारे लबाड असतात. सगळे नसतात. कापसाचे भाव एका हंगामात कोसळतात, निर्यातीचा कंटेनर अडकतो, मोठा ग्राहक स्वतःच बुडतो. प्रामाणिक माणसाचा धंदाही जातो, आणि त्याला आयुष्यभर त्याच खड्ड्यात ठेवले तर पुढचा कारखाना कोणी काढणार नाही. भिंत प्रामाणिकासाठी आहे, आणि ती असावी. लबाडासाठी कायद्याने सुरुंग ठेवला आहे: कंपनी कायद्याचे कलम ३३९ आणि दिवाळखोरी संहितेचे कलम ६६. घेणेकऱ्यांना फसवण्याच्या हेतूने धंदा चालवला असेल, किंवा कंपनी वाचत नाही हे कळूनही संचालकाने नुकसान कमी करण्याची दक्षता घेतली नसेल, तर त्याला व्यक्तिशः भरपाई द्यायला लावता येते. अडचण अशी की कलम ६६ चा अर्ज करायचा तो प्रक्रिया चालवणाऱ्या व्यावसायिकाने, आणि त्याला खर्च मंजूर करणार बँकांची समिती. बँकेकडे जामीन असल्यावर तिला त्या लढ्यात रस का असावा? त्यातून आलेला पैसा सगळ्यांत वाटला जाईल. जामिनातून आलेला तिचा एकटीचा. माझ्या मते दोष नेमका इथे आहे. जामिनामुळे बँक स्वतःचे भागवून घेते, आणि लबाडी शोधण्याचे जे साधन सर्वांसाठी होते त्याला मालक उरत नाही.

तिसरा आक्षेप बाजारात दबक्या आवाजात येतो: शहाणा माणूस घर आधीच बायकोच्या नावावर करून मोकळा होतो. होतो, आणि फसतोही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे घेणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केलेले हस्तांतरण त्यांच्या सांगण्यावरून रद्द होऊ शकते. शिवाय बँका याला सरावल्या आहेत. घर ज्याच्या नावावर त्याची सही. म्हणूनच ताबा नोटिशीत बायकोचे आणि आईचे नाव दिसते. कारखान्यात पाऊल न टाकलेली, ताळेबंद न पाहिलेली बाई पाच कोटींची जामीनदार होते, कारण घरात कोणी म्हणाले, फक्त सही लागते.

सगळे गेले तरी काय राहते, याचीही यादी कायद्यात आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, स्त्रीला धर्मरिवाजाने अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, आयुर्विम्याची रक्कम आणि शेतकऱ्याचे शेतीतले घर जप्तीतून वगळले आहे. सरफेसीची कारवाई शेतजमिनीवर चालत नाही, पण जमीन खरोखर कसली जात असेल तरच. सातबाऱ्यावर शेती आणि जागेवर गोडाऊन असे असेल तर ब्लू कोस्ट हॉटेल्सच्या २०१८ च्या निकालानंतर तो बचाव टिकणे कठीण. नुसत्या गरिबीमुळे कर्ज फेडता न आलेल्याला दिवाणी कैदेत टाकता येत नाही, हे न्या. कृष्ण अय्यर यांनी १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगून ठेवले आहे. आणि मुलांनी बापाचे कर्ज फेडण्याचे ते धार्मिक कर्तव्य ९ सप्टेंबर २००५ पासून, हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीने, त्यानंतरच्या कर्जांपुरते न्यायालयात मागता येत नाही. वारसाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरती. मुलाने स्वतः सही केली नसेल, तर.

आणि एक तफावत, जी खानदेशातल्या दोन सख्ख्या भावांना वेगवेगळ्या शतकांत नेऊन सोडते. थोरल्याने प्रायव्हेट लिमिटेडसाठी जामीन दिला होता. त्याचे प्रकरण २०१६ च्या संहितेखाली मुंबईत चालेल. परतफेडीची योजना मांडता येईल, तीन-चतुर्थांश मूल्याच्या घेणेकऱ्यांनी ती मान्य केली तर तिच्याप्रमाणे तो मोकळा होईल, नाही केली तर दिवाळखोर घोषित होऊन साधारण वर्षभरात सुटकेचा आदेश मिळू शकेल, आणि तारण नसलेले, ठरावीक किमतीपर्यंतचे एक घर त्याच्याकडे राहील: शहरात वीस लाख, ग्रामीण भागात दहा लाख. धाकट्याचे धुळ्याच्या पेठेत साधे एकल मालकीचे दुकान होते. संहितेतला त्याच्यासारख्यांचा भाग सरकारने अजून लागूच केलेला नाही. त्याला जिल्हा न्यायालयात १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली अर्ज करावा लागेल, आणि त्या कायद्यात अर्ज करण्यासाठी कर्ज किमान किती असावे याचा आकडा अजून तोच आहे: ५०० रुपये.